सममितीय प्रक्षेप : एका रेखनपद्धतीचा इतिहास आणि तौलनिक अभ्यासापुढील प्रश्न

१. विषयाची मांडणी

साहित्यविचाराने चित्रकलेकडून ज्या संज्ञा घेतल्या, त्यांत 'पर्स्पेक्टिव्ह' ही संज्ञा सर्वाधिक रुळली. मराठीत चित्रकलेच्या संदर्भात तिला 'यथार्थदर्शन' किंवा 'यथादर्शन' असे पर्याय मिळाले, तर साहित्याच्या संदर्भात 'दृष्टिकोन', 'दृष्टिबिंदू' हे शब्द वापरात आले. एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यथार्थदर्शनाला 'प्रतीकात्म रूप' मानले. बोरिस उस्पेन्स्की यांनी १९७० मध्ये संरचनेच्या काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात रशियन धार्मिक चित्रे आणि तोल्स्तोय यांची कादंबरी यांतील दृष्टिबिंदूंची तुलना केली. त्यानंतर एकबिंदू यथार्थदर्शन आणि आधुनिक व्यक्तिकेंद्री कथन यांचे नाते हा तौलनिक अभ्यासाचा एक परिचित विषय होऊन बसला.

या परिचयामुळे एक गोष्ट मात्र दृष्टिआड राहिली. युरोपात आधुनिकतेच्या काळात यथार्थदर्शनाच्या बरोबरीने दुसरी एक रेखनपद्धती घडत होती. तिच्यात पाहणाऱ्याचे स्थान चित्रातून काढून टाकले जाते आणि दूरच्या वस्तू लहान होत नाहीत. चित्रावर पट्टी ठेवून वस्तूची मापे घेता येतात. अभियांत्रिकी आरेखनात 'आयसोमेट्रिक प्रोजेक्शन' म्हणजेच सममितीय प्रक्षेप या नावाने ती शिकविली जाते. भारतातील पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षात हजारो विद्यार्थी ती गिरवतात. तिचा इतिहास मात्र तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांत क्वचित येतो आणि साहित्य वा संस्कृतीच्या इतिहासात तर जवळजवळ येतच नाही.

प्रस्तुत निबंधात या पद्धतीचे स्वरूप, तिची घडण आणि तिच्याविषयी केली जाणारी पूर्व-पश्चिम तुलना यांचा विचार केला आहे. त्यामागील प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या मुळाशी जाणारा आहे : दोन परंपरांतील रूपे सारखी दिसतात, तेव्हा त्या साम्याला नेमका कोणता अर्थ द्यावा?

२. पद्धतीचे स्वरूप

पद्धतीचा गाभा एका घनाच्या साहाय्याने स्पष्ट होतो. घन अशा रीतीने कलवावा की त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा कर्ण कागदाच्या प्रतलाला लंब होईल. आता घनाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून कागदावर लंब टाकल्यास जी आकृती मिळते, तिची बाह्यरेषा सुसम षट्कोनाची असते. षट्कोनाच्या मध्यबिंदूपाशी घनाच्या तीन कडा एकत्र येतात आणि त्यांच्यामध्ये प्रत्येकी १२०° चा कोन असतो. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशा कागदाशी एकाच कोनात, म्हणजे सुमारे ३५° १६′ नी, कललेल्या असल्यामुळे तिन्ही कडा सारख्याच प्रमाणात आखूड दिसतात. ते प्रमाण ०.८१६५ इतके आहे. १०० मिलिमीटरची कड कागदावर सुमारे ८२ मिलिमीटर येते.

प्रत्यक्ष रेखनात एक अक्ष उभा ठेवतात आणि उरलेले दोन आडव्या रेषेशी ३०° चा कोन करतात. त्यामुळे टी-स्क्वेअर आणि ३०°-६०° चा गुण्या एवढ्या साधनांवर काम भागते. आखूड झालेली मापे काढण्यासाठी सममितीय मापपट्टी तयार करतात. ४५° च्या रेषेवर खरी मापे मांडून त्या खुणांपासून उभ्या रेषा ३०° च्या रेषेवर उतरविल्या की ३०° च्या रेषेवर हवी ती मापे मिळतात. परंतु तिन्ही दिशांचा संकोच सारखाच असल्यामुळे तो सरसकट सोडून दिला तरी आकृतीचे रूप बदलत नाही, केवळ आकार सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच अभियांत्रिकीत 'सममितीय प्रक्षेप' आणि खऱ्या मापांनी काढलेले 'सममितीय चित्र' असा भेद करतात. कार्यशाळेत बहुधा दुसरेच वापरले जाते.

या समतेच्या मर्यादाही तितक्याच निश्चित आहेत. तीन अक्षांना समांतर असलेल्या रेषांवरच मापे खरी उतरतात. घनाच्या एखाद्या चौरस पृष्ठाचे दोन कर्ण प्रत्यक्षात समान असतात. प्रक्षेपात मात्र त्यांतील एक कडेच्या खऱ्या लांबीच्या १.४१४ पट, म्हणजे पूर्ण लांबीचा राहतो आणि दुसरा ०.८१६ पटीवर येतो. काटकोन ६०° किंवा १२०° चे होतात. पृष्ठावरील वर्तुळ लंबवर्तुळ बनते. त्याचा मोठा अक्ष वर्तुळाच्या खऱ्या व्यासाइतका, तर लहान अक्ष त्याच्या सुमारे ०.५७७ पट असतो. गोल मात्र कोठूनही पाहिला तरी वर्तुळच दिसतो. त्यामुळे घनावर ठेवलेला गोल दाखविताना नवशिक्यांची हमखास चूक होते. घन खऱ्या मापांनी काढला असेल, तर गोलाची त्रिज्या सुमारे १.२२ पट वाढवावी लागते, अन्यथा गोल घनाच्या मानाने लहान दिसतो. सममितीय प्रक्षेपातील समता अशा रीतीने निवडलेल्या तीन दिशांपुरती आहे, आणि त्या दिशांबाहेर जे पडते त्याला विकृती सोसावी लागते.

३. पूर्वपीठिका : मापाची गरज

लेओन बातिस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात एकबिंदू यथार्थदर्शनाची पद्धत शब्दबद्ध केली. चित्र म्हणजे डोळ्यापासून निघणाऱ्या किरणांच्या मनोऱ्याला दिलेला छेद, हे तिचे सूत्र होते. डोळा एका जागी स्थिर आणि जग त्याच्या मानाने लहानमोठे, अशी ही व्यवस्था चित्रकाराला फार उपयोगी ठरली. बांधणाऱ्याला मात्र तिच्यात अडचण होती. चित्रात दूरची भिंत आखूड होत असेल, तर तिची लांबी चित्रावरून कळायची कशी?

ही अडचण सर्वांत तीव्रतेने लष्करी स्थापत्यात जाणवली. तोफांच्या वाढत्या माऱ्यामुळे सोळाव्या शतकात किल्ल्यांची रचना बदलली. बुरुज, खंदक, उतार यांची परस्पर अंतरे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. जिरोलामो माज्जी आणि जाकोपो कास्त्रिओत्तो यांच्या १५६४ मधील तटबंदीविषयक ग्रंथात यथार्थदर्शन टाळून समांतर रेषांनी काढलेल्या आकृतींचा पुरस्कार आढळतो. अशा कामात मापे चित्रावरून थेट कळणे आवश्यक असते, हे त्यामागील कारण होते. पुढे अशा रेखनाला 'लष्करी' किंवा 'घोडेस्वारी' यथार्थदर्शन अशी नावे मिळाली. समांतर प्रक्षेपाचा युरोपीय वापर अशा प्रकारे फॅरिशच्या आधी किमान अडीच शतके चालू होता. मात्र त्यात तिन्ही दिशांचे प्रमाण समान असेलच असे नव्हते आणि त्याला गणिती सिद्धान्ताचा आधारही नव्हता.

तो आधार गास्पार माँज यांनी दिला. बोन येथील एका सामान्य व्यापाऱ्याचा हा मुलगा मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात कामाला लागला. तेथे तटबंदीचा एक किचकट प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोडीऐवजी भूमितीने सोडविला. एकमेकांना लंब असलेल्या दोन प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घ्यायचे आणि मग ती प्रतले उलगडून एकाच कागदावर मांडायची, ही ती पद्धत होय. आज अभियांत्रिकीत वरून, समोरून आणि बाजूने अशी जी दृश्ये काढतात, त्यांचे शास्त्र येथे सुरू होते. लष्करी गुपित म्हणून ही पद्धत दीर्घकाळ प्रसिद्ध होऊ दिली गेली नाही. राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये माँज यांनी ती जाहीरपणे शिकविली आणि १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली.

माँज यांनी आपल्या विषयाला भाषा म्हटले, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांना लक्षणीय वाटावी. ग्रंथाच्या प्रारंभीच्या निवेदनात या भाषेचे तीन वापरकर्ते त्यांनी सांगितले आहेत : प्रकल्पाची कल्पना करणारा प्रतिभावान, त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आणि निरनिराळे भाग प्रत्यक्ष घडविणारे कारागीर. फ्रान्सला परकीय उद्योगांवरील अवलंबनातून सोडविणे हा हेतूही त्यांनी तेथेच स्पष्ट केला. एका सामायिक भाषेचे आश्वासन आणि तिच्या वापरकर्त्यांची उतरंड अशा दोन्ही गोष्टी या निवेदनात एकत्र नांदतात. माँज यांची दृश्ये सुटी असतात. त्यांतून अखंड वस्तू मनात उभी करण्यास शिक्षण लागते. ज्याला ते मिळाले नाही, त्याला ही भाषा अक्षरे ओळखूनही वाचता येत नाही.

४. केंब्रिज, १८२०

सममितीय प्रक्षेपाला नाव आणि नियम मिळाले ते या अडचणीवरील उपाय म्हणून. विल्यम फॅरिश (१७५९-१८३७) हे केंब्रिज विद्यापीठात १७९४ पासून रसायनशास्त्राचे आणि १८१३ पासून जॅक्सोनियन अध्यासनाचे प्राध्यापक होते. ते धर्मोपदेशकही होते आणि शहरातील सेंट जाइल्स चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ब्रिटनच्या कारखान्यांत चालणाऱ्या यंत्रांवर ते व्याख्याने देत आणि प्रत्येक यंत्राची चालती प्रतिकृती श्रोत्यांसमोर मांडत. इतक्या यंत्रांच्या कायम प्रतिकृती ठेवणे खर्चाचे आणि गैरसोयीचे होते. म्हणून चाके, दंड, आस, पकडी अशा सुट्या भागांचा एक संच त्यांनी तयार करून घेतला. त्यातून एका व्याख्यानासाठी एक यंत्र जोडायचे, व्याख्यान झाले की मोडायचे आणि पुढच्या वेळी त्याच भागांतून दुसरे उभे करायचे, असा क्रम असे.

जोडणीचे काम साहाय्यकांकडे होते. कोणता भाग कोठे आणि कोणत्या अंतरावर बसवायचा, हे प्रत्येक वेळी तोंडी सांगणे शक्य नव्हते. यथार्थदर्शी चित्रावरून अंतरे मोजता येत नव्हती, तर सुट्या दृश्यांवरून रचना चटकन ध्यानात येत नव्हती. वस्तू एका नजरेत कळावी आणि मापेही घेता यावीत, अशा चित्राची फॅरिश यांना गरज होती. तिन्ही प्रमुख दिशांना एकच मापपट्टी लागू होईल असा प्रक्षेप त्यांनी निवडला आणि त्याला 'आयसोमेट्रिकल पर्स्पेक्टिव्ह' असे नाव दिले. १८१९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. तेथे १८२० मध्ये वाचलेला त्यांचा निबंध १८२२ मध्ये संस्थेच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापला गेला.

या प्रसंगाचे दोन विशेष नोंदविणे आवश्यक आहे. पहिला असा, की ही पद्धत अध्यापनाच्या आणि कामाच्या विभागणीतून निर्माण झाली. प्राध्यापक कल्पना करतो, साहाय्यक जोडतो आणि दोघांमधील दुवा म्हणून चित्र उभे राहते. चित्र स्पष्ट असल्यामुळे साहाय्यक स्वतंत्रपणे काम करू शकतो, पण त्याच स्पष्टतेमुळे त्याच्या स्वतःच्या निर्णयाला वाव उरत नाही. पुढे औद्योगिक उत्पादनात आराखडा आणि हातकाम यांची जी फारकत झाली, तिची एक छोटी आवृत्ती केंब्रिजच्या त्या व्याख्यानगृहात पाहावयास मिळते. दुसरा विशेष नावाचा आहे. फॅरिश आपल्या पद्धतीला 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणतात, प्रक्षेप म्हणत नाहीत. जुन्या प्रतिष्ठित संज्ञेच्या आश्रयाने नवी गोष्ट उभी करण्याची ही रीत वाङ्मयप्रकारांच्या इतिहासातही अपरिचित नाही.

५. खाणी, स्फटिक आणि गणित

फॅरिश यांच्या पद्धतीचा प्रसार जोसेफ जॉपलिंग (१८३३) आणि थॉमस सॉपविथ (१८३४) यांच्या पुस्तकांनी केला. सॉपविथ हे न्यूकॅसलचे, खाणींच्या मोजणीचे काम करणारे अभियंते होते. खाणकामाशी असलेले त्यांचे नाते येथे महत्त्वाचे ठरते. जमिनीखालील थर, शिरा आणि बोगदे एकाच वेळी पाहता येईल अशी जागा पृथ्वीवर कोठेही नाही. तेथे डोळा उभा करता येत नाही. म्हणून डोळ्याच्या स्थानावर अवलंबून असलेले चित्रही तेथे निरुपयोगी ठरते. समांतर प्रक्षेपाला अशा स्थानाची गरज नसते. त्याला फक्त दिशा लागते. अक्षनिष्ठ प्रक्षेपाची सर्वसाधारण गणिती पद्धत १८४४ मध्ये मांडणारे युलिउस वाइसबाख हेही फ्रायबर्ग येथील खाण-अकादमीत प्राध्यापक होते, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच सुमारास या रेखनातील एक मूलभूत संदिग्धता उघड झाली. स्विस स्फटिकशास्त्रज्ञ लुई आल्बेर नेकर यांनी १८३२ मध्ये नोंदविले, की स्फटिकाची रेषाकृती पाहत असताना ती एकाएकी उलटते. पुढे असलेला कोपरा मागे जातो आणि मागचा पुढे येतो. 'नेकरचा घन' म्हणून ही आकृती पुढे मानसशास्त्रात प्रसिद्ध झाली. यथार्थदर्शनात दूरचे लहान दिसत असल्याने पुढचे आणि मागचे यांचा निर्णय करता येतो. समांतर प्रक्षेपात आकारमानाची ही खूण नाहीशी होते. शुद्ध सममितीय प्रक्षेपात तर घनाचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दूरचा कोपरा एकाच बिंदूवर येतात. मापांची खात्री मिळविण्यासाठी खोलीचा पुरावा गमवावा लागतो. म्हणूनच अभियांत्रिकीत झाकलेल्या कडा बहुधा गाळतात किंवा तुटक रेषांनी दाखवितात. संदिग्धता रेषेने दूर होत नाही, ती संकेताने दूर करावी लागते.

गणिताच्या बाजूने या विकासाला पूर्णता आणली ती बर्लिनच्या कार्ल पोल्के यांनी. एका बिंदूतून निघणारे आणि एकाच सरळ रेषेत नसलेले कोणतेही तीन रेषाखंड काढले, तरी ते परस्परांना लंब अशा तीन समान कडांचे समांतर प्रक्षेप असू शकतात, हा त्यांचा सिद्धान्त १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. १८६४ मध्ये हेर्मान श्वार्ट्स यांनी त्याची सुगम सिद्धता दिली. सिद्धान्ताचा अर्थ असा, की तिन्ही दिशांना समान माप देणारी सममितीय रचना ही असंख्य शक्य रचनांपैकी केवळ एक आहे. तिची निवड निसर्गाने केलेली नाही. सोय, साधने आणि हेतू यांनी ती केलेली आहे.

६. पूर्वेकडील साम्ये आणि तुलनेचे धोके

समांतर रेषांनी अवकाश दाखविण्याची रीत पूर्व आशियात फार जुनी आहे. चीनमध्ये पट्टीच्या साहाय्याने वास्तूंचे नेमके रेखन करणारी 'ज्येह्वा' ही चित्रपरंपरा सोंग काळात उत्कर्षास पोचली. ली ज्ये यांचा 'यिंगझाओ फाशी' हा वास्तुशास्त्रविषयक सचित्र ग्रंथ ११०३ मध्ये छापला गेला. झांग झेदुआन यांच्या नदीकाठच्या उत्सवी नगराच्या चित्रपटात, पाच मीटरहून अधिक लांबीच्या रेशमावर, पूल, दुकाने, होड्या यांच्या कडा समांतर राहतात. जपानमध्ये बाराव्या शतकातील 'गेंजी मोनोगातारी'च्या चित्रगुंडाळ्यांत घरांची छपरे काढून टाकून आतील प्रसंग तिरक्या समांतर रेषांत दाखविले आहेत. अकबरनाम्याच्या सुमारे १५९० च्या चित्रांतही किल्ल्याच्या भिंती, अंगण आणि दरवाजे वेगवेगळ्या समांतर दिशांनी एका पृष्ठावर मांडलेले दिसतात.

या साम्यावरून दोन प्रकारचे निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही तपासून घेणे अवश्य आहे. पहिला निष्कर्ष जुना आणि वसाहतकालीन वळणाचा आहे : पौर्वात्य चित्रकारांना यथार्थदर्शन येत नव्हते, म्हणून त्यांची चित्रे सदोष. सममितीय प्रक्षेपाचा इतिहास या मताला परस्पर उत्तर देतो. खुद्द युरोपातील अभियंत्यांनी यथार्थदर्शन पूर्णपणे अवगत असताना, विशिष्ट हेतूंसाठी ते जाणीवपूर्वक दूर ठेवले. समांतर रेषा हे अज्ञानाचे लक्षण असते, तर माँज आणि फॅरिश यांनाही त्या गटात घालावे लागेल. लांब गुंडाळीचे चित्र थोडे थोडे उलगडत पाहिले जाते. तेथे एकच स्थिर दृष्टिबिंदू मानला, तर उरलेले चित्र विद्रूप होईल. पाहण्याची रीत आणि रेखनाची रीत यांचा मेळ तेथे बसलेला आहे.

दुसरा निष्कर्ष अलीकडचा आणि पहिल्याच्या नेमका विरुद्ध आहे. चीनने सममितीय पद्धत आधी शोधली आणि जेसुइट धर्मप्रसारकांमार्फत ती युरोपात गेली, असे सुचविले जाते. या मतात दोन दोष आहेत. एक संज्ञेचा आहे. वर उल्लेखिलेली चित्रे समांतर प्रक्षेपाची असली, तरी ती बहुतांशी तिरप्या प्रक्षेपाची आहेत. त्यांत एक पृष्ठ समोरून, खऱ्या आकारात दिसते आणि खोली तिरकी जाते. तिन्ही दिशांना समान माप हा फॅरिश यांच्या पद्धतीचा व्यवच्छेदक गुण त्यांत नाही. प्रत्येक समांतर प्रक्षेपाला 'सममितीय' म्हणणे हे प्रत्येक मुक्त रचनेला मुक्तछंद म्हणण्यासारखे आहे. दुसरा दोष पुराव्याचा आहे. युरोपीय तटबंदी-ग्रंथांपासून माँज आणि फॅरिश यांच्यापर्यंतची साखळी युरोपातच, स्थानिक गरजांतून उलगडते. प्रत्यक्ष पुरावा आहे तो उलट दिशेच्या प्रवासाचा. जेसुइट आन्द्रेआ पोत्सो यांच्या यथार्थदर्शनविषयक ग्रंथाच्या आधारे निएन शीयाओ यांनी १७२९ मध्ये चिनी भाषेत दृष्टिशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला, आणि इटलीचे चित्रकार-धर्मप्रसारक जुझेप्पे कास्तिल्योने हे तेव्हा पेकिंगच्या दरबारात कार्यरत होते. मोगल दरबारातही १५८० मध्ये आलेल्या जेसुइटांनी अँटवर्पला छापलेले सचित्र बहुभाषी बायबल भेट दिले आणि त्यानंतरच्या चित्रांत युरोपीय रेखनाच्या खुणा दिसू लागल्या. म्हणजे प्रवास झाला तो यथार्थदर्शनाचा.

प्रभाव आणि समांतरता यांतील भेद तौलनिक साहित्याला नवा नाही. सममितीय प्रक्षेपाच्या उदाहरणात तो विशेष स्वच्छपणे दिसतो. सोंग काळातील चित्रकार आणि एकोणिसाव्या शतकातील अभियंता यांनी समांतर रेषा निवडल्या त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. एकाला चित्र उलगडत नेण्याची मोकळीक हवी होती, दुसऱ्याला माप हवे होते. रूपाचे साम्य खरे आहे, पण त्याचा अर्थ त्या त्या प्रश्नापाशी गेल्याशिवाय लागत नाही.

७. भारतात प्रवेश आणि परिभाषेचा प्रश्न

अभियांत्रिकी रेखन भारतात आले ते रस्ते, कालवे आणि रेल्वे यांच्या बांधकामाबरोबर. रुडकी येथील महाविद्यालय १८४७ मध्ये, तर पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग आणि यांत्रिक शाळा १८५४ मध्ये सुरू झाली. पुण्याच्या संस्थेचा आरंभीचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करण्याचा होता. रुडकीतही अभियंते, वरिष्ठ साहाय्यक आणि कनिष्ठ साहाय्यक असे वर्ग वेगवेगळे होते. माँज यांनी कल्पिलेली तीन वापरकर्त्यांची उतरंड वसाहतीत वंश आणि भाषा यांच्या उतरंडीशी जोडली गेली. रेखनाची भाषा सामायिक राहिली तरी कल्पना करण्याचा अधिकार सामायिक झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने रेखनाचे संकेत ठरविले. १९८८ मध्ये शाळा-महाविद्यालयांतील अभियांत्रिकी आरेखनासाठी 'एसपी ४६' ही मार्गदर्शिका आली. आंतरराष्ट्रीय स्तरावर अक्षनिष्ठ प्रक्षेपांचे मानक १९९६ मध्ये निश्चित झाले. देशी भाषांपुढे मात्र एक वेगळाच प्रश्न उभा होता, तो परिभाषेचा. ग्रीक 'आयसोस' म्हणजे समान आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप. भूमिती, त्रिकोणमिती यांतील 'मिती' घेऊन 'सममितीय' हा शब्द सहज सिद्ध होतो. पण मराठी गणितात 'सममिती' हा शब्द 'सिमेट्री'साठी आधीच रूढ आहे, आणि तो चुकीचाही नाही, कारण ग्रीक 'सिमेट्रिया'चा मूळ अर्थही 'सह-माप' असाच आहे. परिणामी दोन भिन्न कल्पना मराठीत एकाच शब्दाखाली आल्या. सममितीय प्रक्षेपात वस्तू सममित असण्याची काहीच गरज नसते, तरीही विद्यार्थ्याचा तसा समज होऊ शकतो. 'सममाप प्रक्षेप' हा शब्द अधिक निःसंदिग्ध झाला असता. कार्यशाळेत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा पेच उद्भवत नाही, कारण तेथे सर्रास 'आयसोमेट्रिक' म्हणतात.

'प्रक्षेप' या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. लॅटिनमधील 'पुढे फेकणे' हा अर्थ आणि संस्कृत 'प्र + क्षिप्' यांचा मेळ इतका नेमका आहे, की हे भाषांतर निर्दोष ठरते. परंतु मराठी आणि संस्कृत पाठचिकित्सेत 'प्रक्षेप' म्हणजे संहितेत मागाहून घुसविलेला भाग. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा संपादकांचा सर्वांत मोठा भार प्रक्षेप ओळखून वेगळे काढण्याचा होता. एका विद्याशाखेत प्रक्षेप हा सत्याकडे नेणारा मार्ग आहे, तर दुसरीत तो दूर करावयाचा अडथळा आहे. दोन्हींत एक सूत्र मात्र समान आहे : मूळ वस्तू आणि समोरचे पृष्ठ यांच्यामध्ये काही क्रिया घडली आहे आणि तिचे नियम कळल्याशिवाय मूळापर्यंत जाता येत नाही.

८. कलेतील पुनरागमन

कारखान्यात रुळलेली ही पद्धत पुढे पुन्हा कलाविचारात आली. ऑग्यूस्त श्वाझी यांनी १८७३ आणि १८९९ च्या आपल्या वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत इमारती खालून वर पाहिल्याप्रमाणे अक्षनिष्ठ प्रक्षेपात दाखविल्या. त्यामुळे तळाचा नकाशा, भिंतींचा छेद आणि वरचे घुमट एकाच आकृतीत आले. १९२३ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात थिओ व्हान डूसबुर्ग आणि कॉर्नेलिस व्हान एस्टेरेन यांनी घरांच्या रंगीत अक्षनिष्ठ आकृती मांडल्या. एल लिसित्स्की यांनी १९२५ च्या निबंधात यथार्थदर्शनाच्या बंदिस्त मनोऱ्यातून अवकाश मुक्त झाल्याची मांडणी केली. कास्त्रिओत्तोंच्या किल्ल्यात आणि सॉपविथ यांच्या खाणीत जी पद्धत मोजणीचे साधन होती, ती येथे मुक्तीची घोषणा बनली. साधन तेच राहिले आणि त्याला बोलावणारा प्रश्न बदलला. १९८० च्या दशकातील संगणकीय खेळांनी याच दृश्याला लोकप्रिय केले, मात्र पडद्यावरील चौकटींच्या सोयीसाठी तेथे रेषा ३०° ऐवजी सुमारे २६.६° नी कललेल्या असत. म्हणजे 'आयसोमेट्रिक' म्हणून ओळखले जाणारे हे खेळही काटेकोर अर्थाने सममितीय नव्हते.

९. समारोप

सममितीय प्रक्षेपाला 'कोणाचाही नसलेला दृष्टिकोन' म्हणण्याचा मोह होतो. तो अंशतःच ग्राह्य धरता येईल. या पद्धतीत दृष्टिबिंदू नाही, पण दृष्टिदिशा आहे. घनाची तीन पृष्ठे दिसतात आणि तीन कायमची झाकलेली राहतात. श्वाझी खालून पाहतात, सॉपविथ वरून, आणि ही निवड प्रक्षेपाच्या नियमांतून निघत नाही. सर्वज्ञ निवेदकाच्या कथनाला दृष्टिबिंदूविरहित मानणाऱ्या कथनमीमांसेलाही हा भेद उपयोगी पडू शकेल. स्थान पुसले गेले तरी दिशा उरते, आणि काय दाखवायचे याचा निर्णय त्या दिशेत आधीच झालेला असतो.

तौलनिक अभ्यासाशी या पद्धतीचे नाते त्याहून जवळचे आहे. दोन साहित्यांची तुलना करताना काही अक्ष निवडले जातात : वाङ्मयप्रकार, आशयसूत्र, कालखंड. त्या अक्षांवर दोन्ही परंपरांना एकच मापपट्टी लावता येते आणि तेवढ्यापुरती समता खरी असते. परंतु जे त्या अक्षांना समांतर नाही, ते आखूड किंवा लांब होऊनच समोर येते, जसे घनाच्या पृष्ठाचे दोन समान कर्ण. अभियंता ही विकृती नाकारत नाही. कोणत्या रेषेवर माप घेता येते आणि कोणत्या रेषेवर येत नाही, हे त्याला पहिल्या धड्यातच शिकविले जाते, आणि तिरक्या रेषेची लांबी हवी असेल तर तिची टोके अक्षांवरून शोधून काढण्याची रीतही सांगितली जाते. पूर्वेकडील चित्रांना सदोष ठरविणारे मत आणि त्यांनाच सममितीय प्रक्षेपाचे जनक मानणारे मत, दोन्ही या पहिल्या धड्याशीच अडखळले. दोघांनीही अक्ष न तपासता माप घेतले.